डुम्की ट्रिओ, दीडशे खुर्च्या आणि एक पियानो

१८९२ च्या पहिल्या पाच महिन्यांत चेक संगीतकार द्वोर्झाक बोहेमिया-मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) गावोगावी मैफिली करत फिरत होता. त्याचं अमेरिकेला जायचं ठरलं होतं, त्याआधीचा हा निरोपाचा दौरा. व्हायोलिनवर फर्डिनांड लाखनर, चेलोवर हनुश विहान आणि पियानोवर तो स्वतः. मैफिली सुमारे चाळीस झाल्या. सोबत होती ‘डुम्की’ ट्रिओ, म्हणजे या तीन वाद्यांसाठीची, सहा डुम्कांची रचना, ११ एप्रिल १८९१ ला प्रागमध्ये याच तिघांनी पहिल्यांदा वाजवलेली. म्हणजे ही रचना सुरुवातीपासूनच लहान गावातल्या लोकांसमोर वाजत आली आहे. शाळेच्या हॉलमध्ये, दीडशे खुर्च्यांसमोर ती शोभते. फक्त तयारी हॉल बघून करावी लागते.

सगळा खेळ तोलाचा आहे. पियानोत दोनशेहून जास्त तारा, बाकी दोघांकडे चार-चार. आवाज दबतो तो बहुतेक वेळा चेलोचा, आणि मग पहिला उपाय म्हणून पियानोचं झाकण अर्धं खाली येतं. हा उपाय चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. झाकण खाली आलं की पियानोचा आवाज फारसा कमी होत नाही, नुसता घुसमटतो. वादकाला स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी जोर लावतो. झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि डावा हात हलका करा. चेलोची सुरावट आणि पियानोचा डावा हात एकाच पट्ट्यात फिरतात, गर्दी तिथेच होते. दुसरा दोष पेडलचा, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायच्या पट्टीचा. दगडी चर्चमध्ये, गोव्यात अशा जागा मिळतात, पेडल अर्धंच दाबावं आणि लवकर सोडावं. तालमीत एकाने शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावं, पण रिकामा हॉल जास्त घुमतो हे धरून. माणसं भरली की तीच घुमारी कपड्यांत जिरते.

ऑस्ट्रियन संगीतकार हायडनची ‘जी मेजर’ ट्रिओ (१७९५, शेवटी हंगेरियन ढंगाचा रोंडो, म्हणजे मुखडा फिरून फिरून येणारा भाग) मध्यंतरापूर्वी घेतली तर हा तोल वेगळा होतो. तिथे चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवतो, कारण त्या काळच्या पियानोचा खर्ज लवकर विरायचा. आजच्या पियानोवर तोच डावा हात नेहमीच्या वजनाने वाजवला तर चेलोवाला तिथे कशाला बसलाय, असं श्रोत्यांना वाटेल.

आता सूर. पियानोचं ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशीच हवं. दीड-दोन तास, हॉलमध्ये शांतता, आणि एसी कार्यक्रमात असेल तसाच निदान तीन-चार तास आधीपासून चालू. मुंबईच्या किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत पियानोची लाकडी ध्वनिफळी फुगते आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. एसी लागला, फळी सुकू लागली की तो उतरतो. दुपारी दमट हॉलमध्ये लावलेला पियानो संध्याकाळी बेसूर लागतो, तो यामुळे. पियानो फारच उतरलेला असेल तर ट्यूनरला दोनदा बोलवा. एकदम खूप ओढलेल्या तारा एका रात्रीत सरकतात.

मग व्हायोलिन आणि चेलो पियानोशी मिळवायचे. इथे एक बारीक अडचण आहे. या दोघांच्या तारा षड्ज-पंचमाच्या नात्याने लावल्या जातात आणि तानपुऱ्यात मुरलेल्या कानाला शुद्ध पंचमच गोड लागतो. पियानोचा पंचम मात्र शुद्ध पंचमापेक्षा दोन सेंट आखूड असतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). चेलोच्या चार तारा वरून खाली ए, डी, जी, सी या स्वरांच्या; असे तीन पंचम खाली उतरलं की सीची तार पियानोच्या सीपेक्षा सहा सेंट खाली जाते. एकट्याने वाजवताना हे कोणाला कळणार नाही, पियानोसोबत लांब स्वर धरला की लगेच खटकतं. म्हणून नुसता ए घेऊन थांबू नका. पियानोकडून डी मायनरचा कॉर्ड (डी, एफ, ए हे स्वर एकत्र) घ्या, त्यात ए बसवा, आणि चेलोचे जी-सी, व्हायोलिनचा जी थेट पियानोच्या स्वरांशी ताडून पाहा. पंचम किंचित आवळल्यासारखे वाटतील, तसेच राहू द्या.

मंचावर श्रोत्यांच्या डाव्या हाताला व्हायोलिन, म्हणजे वादक आत वळून बसला तरी वाद्याची वरची बाजू श्रोत्यांकडे राहते. उजवीकडे, पियानोची कड जिथे आत वळते तिथे, चेलो. खुर्च्या बिनहाताच्या आणि सपाट बैठकीच्याच हव्यात. मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर चेलोचा बो (गज) आपटतो. चेलोचा खालचा टोकदार दांडा फरशीवरून सटकतो, आणि लाकडी मंचाला भोक पडलं की व्यवस्थापक रागावतात. दोन्हींवर उपाय एकच, खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा. पंखे सुरू असतील तर कपड्यांचे चिमटे न्या, नोटेशनची पानं उडतात. साउंडवाल्याला नम्रपणे सांगा की एवढ्या हॉलला माइक नको.

पानं उलटणाऱ्याने पियानोवादकाच्या डावीकडे, जरा मागे बसावं. उठून डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि खूण मिळेपर्यंत थांबायचं. डुम्कीत हे काम सोपं नाही. डुम्का म्हणजे उदास, संथ गाणं आणि मध्येच उसळणारा नाच, आणि लय अनेकदा एका श्वासात बदलते. नव्या लयीचा पहिला स्वर ज्याच्याकडे आहे त्यानेच खूण द्यावी आणि बाकी दोघांनी तालमीतच ती पेन्सिलीने लिहून घ्यावी. तिघांनी एकदम खूण दिली की हमखास गडबड होते.

सहापैकी पहिल्या तीन डुम्का न थांबता जोडून येतात. हे पत्रिकेत मराठीत एका ओळीत छापा, नाहीतर पहिलीनंतर टाळ्या पडतात आणि दुसरीची संथ सुरुवात बुडते. तिसरीनंतर आल्या तर येऊ द्या, वादकांनाही तेवढा दम हवा असतो. पाचवी संपल्यावर मात्र चेलोवाल्याने घाई करू नये. शेवटची डुम्का सी मायनरमध्ये आहे आणि एव्हाना अर्ध्या तासाच्या जोराने खालची तार सैल पडलेली असते. पियानोचा सी अगदी हळू मागून घ्यावा, तार त्याला लावावी, मगच बो ठेवावा.