हे श्रीखंड नव्हे

आमच्या फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात, श्रीखंडाचा एक जुना डबा असतो. त्याच्या झाकणावर मी काळ्या मार्करने ठसठशीत लिहिलंय, 'हे श्रीखंड नव्हे'. तरी मागच्या दिवाळीत एका पाहुण्यांनी तो उघडलाच. आत ओट्सच्या भुश्यात वळवळणारे शे-दीडशे मीलवर्म होते. ते भावजी आमच्याकडे आता फक्त चहा घेतात.

हे किडे नाचोबाचे. नाचोबा म्हणजे माझ्या मुलाचा लेपर्ड गेको, पालीच्याच जातकुळीतला पाळीव प्राणी. त्याने नाव 'नाचो' ठेवलं होतं, पुढचं 'बा' माझं. २०१८ साली, मुलगा आठवीत असताना, परीक्षेतल्या मार्कांच्या बदल्यात हा प्राणी घरात आला. आम्ही मिसिसागाला, म्हणजे टोरंटोच्या शेजारी राहतो. माझी अट एवढीच होती की मी हात लावणार नाही. साताऱ्याच्या घरात ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली की आजी बोटाने जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची, आणि मी पांघरूण डोक्यावर घ्यायचे. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं अख्खं कोष्टक पंचांगात असतं. अशा घरातून आलेल्या बाईने पैसे देऊन पाल विकत आणायची!

२०२३च्या सप्टेंबरमध्ये मुलगा युनिव्हर्सिटीत गेला. हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत. जाताना त्याने फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि मला म्हणाला, "आई, फक्त एवढं कर." त्या 'एवढं'ची ही गोष्ट.

आधी हे सांगते की ही आपली भिंतीवरची पाल नव्हे. तिच्या पायांना चिकटणाऱ्या गाद्या असतात, याला नुसत्या नख्या. त्यामुळे काचेवर चढता येत नाही, छतावरून कुणाच्या ताटात पडण्याचा प्रश्नच नाही. आणि याला पापण्या आहेत. आपल्या पालीला नसतात, म्हणून ती सदा टक लावून बघतेय असं वाटतं. नाचोबा चक्क डोळे मिटून झोपतो. माझी भीती गेली ती त्या पापण्यांमुळे. एका दुपारी तो दगडावर हनुवटी टेकून झोपला होता. मी जवळ गेले तर त्याने एकच डोळा अर्धा उघडला, मला पाहिलं आणि परत मिटला. रविवारी दुपारी आमचे हे अगदी असंच करतात.

एडवर्ड ब्लाइथ नावाच्या कलकत्त्याच्या म्युझियममधल्या इंग्रज माणसाने १८५४ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. तो भाग आज पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारताचा वायव्य कोपरा हे याचं मूळ घर. म्हणजे नुसती वाळू नाही, तर खडक, कडक माती, खुरटं गवत आणि दगडाखालची बिळं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आम्हाला ज्या दुकानाने गेको विकला त्याने सोबत वाळूची पिशवीही विकली. किडा पकडताना तोंडात वाळू जाते, आणि पिल्लाच्या पोटात ती साचली तर आतडं तुंबतं. मुलाने आठवड्याभरात वाचून वाळू काढली आणि किचन पेपर अंथरला. आता खाली फरशीचे तुकडे आणि घट्ट दाबलेली माती आहे.

त्याच दुकानाने 'मादी आहे' असंही सांगितलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी मागच्या पायांच्या मधे इंग्रजी व्हीच्या आकाराची ठिपक्यांची ओळ उठून दिसायला लागली, म्हणजे नर. यांच्यात नर की मादी हे अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं. २६-२७ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२-३३ला बहुतेक नर, आणि त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या. कुणाच्या तरी अंडी उबवायच्या पेटीत काटा जरा वर गेला आणि आमच्याकडे नाचीचा नाचोबा झाला.

उबेचं हे प्रकरण जन्मापुरतं नाही. याचं अन्न पचतं तेच मुळी बाहेरच्या उबेवर. त्याची काचेची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. एका टोकाच्या बिळात ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २४-२५, आणि मधे ओल्या शेवाळाचा डबा. कुठे बसायचं ते तो ठरवतो. जेवला की गरम बिळात पोट टेकून पडायचं, मग कंटाळा आला की थंडीकडे. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. तपमान बघायला मुलाने बंदुकीसारखा थर्मामीटर ठेवलाय. मी त्याच बंदुकीने विरजण लावण्याआधी दूधही बघते. हे मुलाला अजून सांगितलेलं नाही.

आता माझ्या चुका.

पहिली चूक आईपणाची. कागदावर लिहिलं होतं, आठवड्यातून दोनदा खायला दे. मला ते पटेना. जिवंत प्राणी, आणि आठवड्यातून दोनदा? मी जवळ गेले की तो बिळातून बाहेर यायचा, काचेला नाक लावायचा. मला वाटायचं, भूक लागली बिचाऱ्याला. मग दोन मीलवर्म. संध्याकाळी आणखी दोन. दुकानात वॅक्सवर्म दिसले, पांढरे, मऊ, गुबगुबीत. ते दिल्यावर तो ज्या लगबगीने यायचा ते पाहून मला बेसनाचे लाडू वळल्याचं समाधान मिळायचं. ते खरोखर लाडूच होते, निव्वळ चरबी. दोन-अडीच महिन्यांत त्याची शेपटी मुळ्यासारखी फुगली. शेपटी जाड असणं चांगलंच, तिथे तो चरबी साठवतो. पण पुढच्या पायांच्या बगलेतही दोन फुगे आले. मला वाटलं गाठी. रडत रडत मुलाला व्हिडिओ कॉल केला. तो शांतपणे म्हणाला, "आई, वजन कर."

पोळ्यांची कणीक मोजायच्या काट्यावर कागद घालून केलं. ९८ ग्रॅम. मुलगा गेला तेव्हा ७४ होतं.

पहिल्या दवाखान्याने फोनवरच सांगितलं की आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरीकडची डॉक्टरीणबाई सरपटणाऱ्या प्राण्यांची जाणकार निघाली. तिने बगल दाबून पाहिली आणि हसली. गाठी नाहीत, लठ्ठपणा आहे. वॅक्सवर्म बंद, मीलवर्म कमी, रातकिडे जास्त, आणि तेही आठवड्यातून दोनदाच. बिल किती झालं ते इथे लिहीत नाही, आमचे हे ब्लॉग वाचतात.

रातकिडे पाळणं हा आणखी एक संसार. नाचोबाच्या पोटात जे जाणार ते आधी त्यांच्या पोटात जायला हवं, म्हणून त्यांना गाजर, भोपळ्याची सालं, पालेभाज्यांची देठं. खायला द्यायच्या आधी त्यांना रिकाम्या डब्यात कॅल्शियमच्या पावडरीबरोबर हलवायचं. चिरोटे पिठीसाखरेत घोळवावेत तसे ते पांढरे होऊन बाहेर येतात. हे चुकलं तर गेकोची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लवचिक होतो, आणि झालेलं व्यंग सरळ होत नाही. एकदा डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. पुढचे दहा दिवस फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या, मागून किर्र किर्र चालू होतं. बाहेर उणे आठ, आणि हे म्हणतात, "छान वाटतंय गं, मामाकडे चिपळूणला झोपल्यासारखं."

दुसरी चूक जास्त लागली. पहिल्याच हिवाळ्यातली. इथे फर्नेस चालू झाली की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. टाकीतला आर्द्रतेचा काटा वीसवर आला होता, आणि ओला डबा ओला ठेवायचं माझं चार-पाच दिवस राहून गेलं. त्याच दिवसांत नाचोबा कात टाकायला आला. आधी रंग उतरतो, पिवळ्यावर दुधाची साय धरल्यासारखी. मग तो तोंड दगडावर घासतो, ओठांपाशी कात सुटते, आणि स्वेटर डोक्यावरून काढावा तशी तो ती ओढून काढतो आणि ओढता ओढता खाऊनही टाकतो. पंधरा-वीस मिनिटांत खालून नवा कोरा नाचोबा. हे मी तोवर दोनदा पाहिलं होतं, म्हणून वाटलं झालं सगळं.

झालं नव्हतं. उजव्या मागच्या पायाच्या एका बोटाला कातीचं एक कडं उरलं होतं. चष्मा लावल्याशिवाय दिसणारही नाही इतकं बारीक. ते वाळलं आणि दोऱ्याने बोट बांधावं तसं आवळत गेलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा बोटाचं टोक काळं पडलं होतं. मुलाने फोनवर सांगितलं तसं मी बशीभर कोमट पाणी डब्यात घेतलं, त्यात त्याला वीस मिनिटं उभं केलं, आणि कान साफ करायच्या काडीचा ओला कापूस त्या बोटावर गोल गोल फिरवला. ओढायचं नाही, नुसतं फिरवायचं. त्याने पाय मागे घेतला नाही. कडं सुटलं. टोक मात्र आठवड्याने गळून पडलं.

तेव्हापासून कात टाकली की मी चष्मा आणि टॉर्च घेऊन वीसच्या वीस बोटं मोजते. आता साडेएकोणीस.

वीज गेली ती रात्र पुढच्या हिवाळ्यातली. गोठता पाऊस, तारांवर बर्फ, आठ वाजता अंधार. नाचोबाने सातला चार रातकिडे खाल्ले होते. रिकाम्या पोटी एक रात्र गारठला असता तर बिघडत नव्हतं. भरल्या पोटी ऊब नसली तर खाल्लेलं आत कुजतं किंवा उलटून पडतं. देवघरातल्या काडेपेटीने गॅस पेटवला, पाणी कोमटच्या जरा वर नेलं, शेकायच्या रबरी पिशवीत भरलं. बुटांच्या खोक्याला भोकं, खाली पिशवी, वर टॉवेलच्या दोन घड्या, त्यावर तो, आणि खोक्यावर माझी शाल. दर तासाला बंदूक रोखून अंश बघायचे. घर १६ वर आलं, आम्ही दोघं जॅकेट घालून सोफ्यावर, आणि खोक्यात ३१. हे म्हणाले, "माझ्याकडे बघायची बंदूक आहे का?" पहाटे साडेतीनला वीज आली.

आमच्या सासूबाई यावलच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या सहा महिने राहायला आल्या. टाकी पाहताच दोन पावलं मागे सरल्या.

"अगं माय! हा तर विषखोपरा!"

"आई, हा बिनविषारी आहे."

"चावला की माणूस पाणी मागत नाही, असं म्हणतात. आमच्या शेतात निघाला की गडी काठीनेच मारायचे."

त्या चुकत नव्हत्या, निदान ओळखण्यात तरी. नाचोबाचे भाऊबंद खानदेशात आहेत, आणि सातपुड्यातल्या एका जातीला २०१४ साली सातपुड्यावरूनच शास्त्रीय नाव मिळालं. विष कुणालाच नाही. रात्री निघणारा, जाड शेपटीचा, अंगावर पट्टे नि ठिपके असलेला, पकडला की तोंड वासून ओरडणारा प्राणी, एवढ्यावर बिचारे मार खातात. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या 'हं' म्हणाल्या. (हे वाचून कुणाला यावलच्या रानातून एखादा उचलून आणावासा वाटला, तर कृपा करून आणू नका. त्याला तिथेच राहू द्या, फक्त काठी खाली ठेवा.)

महिन्याभरात त्यांची जपाची खुर्ची टाकीसमोर आली. संध्याकाळी सहाला दिवा लागायच्या वेळी नाचोबाही बिळातून निघतो, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. खाण्याआधी तो शेपटीचं टोक सापासारखं थरथरवतो, झडप घालतो, मग जिभेने ओठ, नाक, अगदी डोळ्याची कडसुद्धा पुसून घेतो. सासूबाई म्हणाल्या, "खाऊन तोंड पुसतो बघ. तुझा पोरगा पुसत नव्हता."

एक गोष्ट मात्र त्यांनी ठामपणे सांगितली. एकादशीला या घरात जीव मारायचा नाही. मी काही बोलले नाही, कारण वेळापत्रकात तसंही दोन-तीन दिवसांचं अंतर असतं, एक दिवस पुढे ढकललं तर त्याला काही होत नाही. मला होतं. आता तो काचेला नाक लावतो तेव्हा मी सासूबाईंकडे बघते, त्या मान हलवतात, आणि डबा फ्रिजमध्येच राहतो. काट्यावर सध्या ७७.

मुलाशी माझं व्हॉट्सॲप उघडून पाहिलंत तर निम्मे फोटो नाचोबाच्या शीचे आहेत. तो नेमाने एकाच कोपऱ्यात जातो. तपकिरी भाग घट्ट, पांढरा भाग पांढराच, म्हणजे सगळं ठीक. 'जेवलास का' विचारलं तर चिरंजिवांचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. शीचा फोटो टाकला की दोन मिनिटांत अंगठा. मग मी लगेच विचारून घेते, जेवलास का.

हे प्राणी नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात. त्याचं आता सातवं संपत आलंय.

आज एकादशी. आम्हा दोघींना साबुदाणा, नाचोबाला पाणी, आणि रातकिड्यांना सकाळीच गाजराचा कीस घातलाय. त्यांची चंगळ आहे.