एनसीएलच्या अंगणात बायोटेक कंपनी थाटताना

पुण्यात पाषाणला, एनसीएलच्या इनोव्हेशन पार्कमध्ये २००७ पासून व्हेंचर सेंटर चालतं. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, ही सरकारी संस्था. व्हेंचर सेंटर ही तिच्या आश्रयाने उभी राहिलेली वेगळी, ना-नफा कंपनी; नव्या विज्ञान-स्टार्टअपना जागा आणि यंत्रं भाड्याने देणारी. वरवर हा कागदोपत्री फरक वाटतो, पण खरी मेख तिथेच आहे. चार जणांच्या स्टार्टअपला बेंच (प्रयोगशाळेतलं कामाचं टेबल) भाड्याने देणं किंवा तासांच्या हिशेबाने मशीन वापरू देणं सरकारी खात्याला जड जातं, कंपनीला सोपं.

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी चौरस फुटाचा दर विचारतात. माझ्या मते तो प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारा: मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनचा, स्लॉट किती दिवसांनी मिळतो, आणि सॅम्पल रन करणारा माणूस तुमचा की त्यांचा? हे मशीन स्वतः घ्यायचं तर काही कोटी लागतात, म्हणून सामायिक सुविधा हवीच. पण सॅम्पल नीट तयार नसेल तर तोच स्लॉट वाया जातो. प्रथिनाचं अखंड वस्तुमान मोजायचं असेल आणि सॅम्पल पीबीएस या नेहमीच्या खारट बफरमध्ये असेल, तर क्षारांमुळे सिग्नल दबतो. ट्वीन आणि एसडीएस ही डिटर्जंट, आणि पीईजी हा पॉलिमर, तर त्याहून वाईट. ते मशीनच्या आधी सॅम्पल वेगळं करणाऱ्या कॉलममध्ये रेंगाळतात आणि पुढच्याचाही रन खराब होतो. आधी डीसॉल्ट करा, म्हणजे क्षार काढून टाका, किंवा अमोनियम ॲसिटेटसारख्या उडून जाणाऱ्या बफरमध्ये घ्या, आणि बफरचा प्रत्येक घटक फॉर्मवर खरा लिहा.

सामायिक सेल कल्चरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, खरा शत्रू मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन चालत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो आणि माध्यम गढूळ होत नाही. पेशी फक्त हळू वाढतात, निकाल विचित्र येतात. म्हणून बाहेरून आलेली सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) दोन आठवडे वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवून मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी झाल्याशिवाय आत घेऊ नये. ज्या केंद्रात असा नियम नाही, तिथे पेशींचं काम करू नये, भाडं कितीही कमी असो. उणे ८० अंशांचा फ्रीझर कोणत्या सॉकेटवर आहे तेही पाहून घ्या. प्रत्येक सॉकेट जनरेटरवर असतोच असं नाही, आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते ते सांगायला नको.

पैशांचं थोडक्यात. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची बिग ग्रँट (नव्या कल्पनेसाठीचं अनुदान) १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळते आणि व्हेंचर सेंटरसारख्या भागीदार संस्थांमार्फत राबवली जाते. रक्कम हप्त्याने येते. आधीच्या टप्प्याचा अहवाल आणि खर्चाचा दाखला मंजूर झाला की पुढचा हप्ता. ही मंजुरीची वाट बजेटमध्ये कुठेच दिसत नाही, पगार मात्र एक तारखेलाच लागतो. निदान तीन महिन्यांचा खर्च वेगळा हाताशी ठेवा. चाचण्यांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही अंदाजपत्रकात धरा.

पेटंटबाबत मात्र घाई हवी ती पोस्टर लावायच्या आधी. परिषदेतल्या पोस्टरने नवेपणा जाऊ शकतो, आणि भारतीय कायद्यातली १२ महिन्यांची सवलत फारच मोजक्या प्रसंगांना लागू होते. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज स्टार्टअपला ऑनलाइन १,६०० रुपयांत भरता येतो, नंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. स्वस्त म्हणून अर्ध्या पानाचा अर्ज भरणं मात्र फसवं: त्यात नसलेल्या गोष्टीला आधीची तारीख मिळत नाही. शोध पीएचडी करताना किंवा नोकरीत असताना लागला असेल, तर तो बहुधा संस्थेच्या मालकीचा असतो. अशा वेळी कंपनी नोंदवण्याआधी परवान्याच्या अटी लेखी घ्या, नाहीतर गुंतवणूकदाराचा वकील पहिल्याच बैठकीत तिथे बोट ठेवेल.

शोध एखाद्या नव्या जिवाणूवर उभा असेल आणि लेखी वर्णन पुरेसं नसेल, तर तो जिवाणू बुडापेस्ट कराराखालच्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त संग्रहात, अर्जाच्या तारखेपर्यंत जमा असायला हवा. असा संग्रह पुण्यातच, एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या सूक्ष्मजीव केंद्रात आहे. तिथे कल्चर जिवंत आणि शुद्ध आहे का ते तपासतात आणि भेसळ निघाली तर परत पाठवतात, म्हणून वकिलाला अर्जाची तारीख देण्याआधी कल्चरची व्हायल (कुपी) पोचवा.