नवव्या दिवशी सोडलेले मासे

बेळगावच्या टिळकवाडीतून सकाळी सहाला फोन आला. "मासे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करायलेत, पाणी दुधासारखं झालंय बघा." त्या घरात आम्ही खाऱ्या पाण्याची टाकी उभी करून नऊ दिवस झाले होते. त्यात पहिला मासा सोडायला अजून किमान महिना होता. तिथं मासे आले कुठून, हाच पहिला प्रश्न पडला.

गाडीत काय भरलं ते आधी सांगतो, कारण अशा वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. आदल्या दिवशी कालवून पंपावर फिरत ठेवलेलं खारं पाणी, ५० लिटरचे नऊ कॅन. ताजं मीठ कालवून लगेच ओतता येत नाही. ते पूर्ण विरघळून पीएच स्थिर व्हायला एक दिवस जातो. बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप. १०० लिटरचा प्लॅस्टिकचा क्रेट. अमोनिया बांधून ठेवणारं औषध, चाचणीचा संच, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे आमच्या चालू टाकीतले दोन स्पंज फिल्टर, टाकीच्याच पाण्यात बुडवून आणलेले. त्या स्पंजात जिवाणूंची वसलेली वस्ती असते. ती बाटलीतून तितक्या खात्रीनं मिळत नाही.

घरात मांडवाचे खांब अजून उभे होते. आदल्या दिवशी वास्तुशांत झाली होती. टाकीत बारा मासे होते, त्यांतले चार मेलेले: दोन बटरफ्लाय, दोन डॅमसेल. एक क्लाउन ओव्हरफ्लोच्या (वरून सांडणारं पाणी खाली नेणाऱ्या) पेटीमागं आडवा पडलेला. पावडर ब्लू टँग वेव्हमेकरच्या (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या) धारेसमोर उभा राहून जोरजोरात कल्ले हलवत होता. नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकले आणि पाच मिनिटं थांबलो. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. इथं तो कैरीच्या सालीसारखा गडद हिरवा झाला, म्हणजे दोन ते चार पीपीएमच्या (दहा लाखांत दोन ते चार भागांच्या) मध्ये. पीएच ८.२, तापमान २९, क्षारता १.०२५ (साध्या पाण्याच्या तुलनेत खारं पाणी किती जड, त्यावरून).

या अमोनियातला काही भाग आम्हीच टाकलेला होता. मासे सोडण्याआधी टाकी 'पिकवायची' असते. टाकीत सम्पसकट, म्हणजे खालच्या पाण्याच्या पेटीसकट, साधारण ७०० लिटर पाणी होतं. त्यात साडेचार ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया दोन पीपीएमवर जातो. तो खाणारे जिवाणू हळूहळू वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली फळी जमायला दोन-तीन आठवडे, दुसरीला आणखी तितकेच. एका दिवसात दोन पीपीएम अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की टाकी तयार. नवव्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. स्वच्छ, निळसर, दिव्याखाली चमकणारं ते पाणी माशांसाठी विष होतं. आम्ही "महिनाभर मासे नकोत" एवढंच तोंडी सांगितलं होतं. पाण्यात काय टाकलंय ते लिहून काचेवर चिकटवलं नव्हतं. आता चिकटवतो, मराठीत आणि कन्नडमध्ये.

घरमालक म्हणाले, "पण टीव्हीवर तर टाकी बसवली, पाणी भरलं, मासे सोडले की हो. दोन दिवसांत!"

त्यांचं चूक नव्हतं. अॅनिमल प्लॅनेटवर २०११ पासून 'टँक्ड' लागायचं, लास वेगसमधल्या अॅक्रिलिक टाक्या बनवणाऱ्या कारखान्यावरचं. पाठोपाठ नॅट जिओ वाइल्डवर 'फिश टँक किंग्ज' आलं. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा तिथंच पाहिलं. अशा कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो: गिऱ्हाईक येतं, विचित्र आकार मागतं, कारखान्यात आरडाओरडा होतो, टाकी क्रेननं चढते, कापड ओढतात, सगळे टाळ्या वाजवतात. टाकी जोडण्याचं काम त्यात खरं दिसतं आणि आमच्यासारख्यांना त्यातून शिकायलाही मिळतं. पाणी भरल्यापासून मासे सोडेपर्यंतचे आठवडे मात्र दिसत नाहीत, कारण त्या आठवड्यांत दाखवण्यासारखं काही घडतच नाही. रिकाम्या टाकीत पंप फिरतो आणि कुणीतरी दोन दिवसांआड नळीत थेंब टाकतं. टाळ्यांच्या क्षणी टाकीची सुरुवात होते आणि पडद्यावर तोच शेवट असतो.

आदल्या रात्री या घरात नेमकं तसंच झालं होतं. मासे दुसऱ्या गावाहून रात्रीच्या बसनं थर्माकोलच्या खोक्यांतून आले. पाहुणे जमल्यावर दिवे मालवले, पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, मासे सोडले आणि दिवे लावले. मुलांनी मूठभर खाणं टाकलं. रात्री दीडनंतर दोन तास वीज गेली.

यातली पिशवीची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बारा-चौदा तासांच्या प्रवासात मासा बंद पिशवीत अमोनिया सोडतो, पण त्याच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळं पाण्याचा पीएच घसरतो आणि अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकानं चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडी ठेवून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसणं घातक. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवायचं, उघडल्यावर लगेच क्षारता मोजायची आणि त्याच क्षारतेच्या वेगळ्या टाकीत मासा जाळीनं उचलून ठेवायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. एक रिकामी पिशवी कोपऱ्यात पडली होती. तिच्या तळाच्या पाण्याची क्षारता मोजली तर १.०१९ आली. म्हणजे १.०१९ वरून मासे एका क्षणात १.०२५ मध्ये गेले होते. खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात जाणं मासा सोसतो, पण उलट झालं तर त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं.

वर प्राणवायूची टंचाई. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा साधारण वीस टक्के कमी प्राणवायू मावतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यानं हवेचा दाब कमी, म्हणून त्यात आणखी आठ-नऊ टक्के घट. पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडून ते २६ चं २९ वर गेलेलं. आणि उरलेल्या खाण्यावर पोसलेले जिवाणू, ज्यांनी पाणी दुधाळ केलं, तेही प्राणवायूच ओढत होते. मासे वर का आले, त्याचं उत्तर एवढंच.

पहिली पाच मिनिटं हवेची. दोन्ही एअर पंप सुरू केले, सम्पमधलं पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग खळबळता केला, अमोनिया बांधणारं औषध सगळ्या ७०० लिटरच्या हिशेबानं टाकलं. मग क्रेटमध्ये ८० लिटर पाणी घेतलं, आरओचं गोडं पाणी मिसळून क्षारता १.०२० वर आणली, दोन्ही स्पंज लावले आणि जिवंत आठ मासे त्यात हलवले. जाळीऐवजी डब्यानं, कारण अशक्त माशाच्या कल्ल्यांना जाळी टोचते. टाकीतून ३५० लिटर काढून उरलेल्या कॅनचं पाणी भरलं. पाण्यात बुडबुडे सोडून फेस काढणारा स्किमर जरा उंच पातळीवर लावला, म्हणजे फेसाबरोबर घाण लवकर बाहेर पडते. मासे हलवलेले, म्हणून टाकीत दिवे बंद; क्रेटला अठ्ठेचाळीस तास खाणं बंद. नायट्राइटची आम्ही फिकीर केली नाही. गोड्या पाण्यात ते मारतं, पण समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

दुपारपर्यंत आडवा क्लाउन गेला, रात्री एक डॅमसेल. सहा राहिले.

एक गोष्ट मात्र त्या रात्री बरोबर चालली होती आणि ती टीव्हीवर कधी दिसत नाही. टाकी सहा बाय दोन बाय दोन फूट. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. रिटर्नचं तोंड आम्ही पृष्ठभागाखाली फक्त तीन सेंटिमीटरवर ठेवलं होतं. १८० गुणिले ६० गुणिले ३, म्हणजे ३२ लिटर. त्याहून जास्त पाणी उतरूच शकत नाही. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी सोडलेली. फरशीवर थेंब नव्हता. तोंड एक फूट खोल असतं तर सव्वातीनशे लिटर खारं पाणी नव्या घराच्या हॉलभर झालं असतं.

वजनाचंही तसंच. पाणी, १२ मिलिमीटरच्या काचा, वाळू, खडक, सम्प, लोखंडी स्टँड मिळून एक टनाच्या वर जातं, तेही जेमतेम एक चौरस मीटरवर. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं धरलेला असतो. म्हणून पहिल्या मजल्यावर टाकी हॉलच्या मध्यभागी कधीच ठेवत नाही. भिंतीलगत, बीमवर, तीही इंजिनिअरला दाखवून. काचांच्या सिलिकॉनला पाण्याआधी पुरा आठवडा सुकू द्यायचं. व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर ते सुकलेलं नाही.

चौथ्या दिवशी पावडर ब्लूच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठले. क्रिप्टोकॅरिऑन, ताण पडलेल्या टँगला हा परजीवी हमखास धरतो. कॉपरचा (तांब्याच्या औषधाचा) उपचार क्रेटमध्येच केला, मुख्य टाकीत कधी नाही. कॉपर खडकात मुरतं आणि मग त्या टाकीत कोळंबी, गोगलगाई जगत नाहीत. पण परजीवीचे कोष मुख्य टाकीत पडलेले असणार. त्यावर उपाय एकच, टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. मालक गप्प झाले, मग म्हणाले, "असू दे. या वेळी तुम्ही म्हणाल तसं."

त्या दिवसांत त्यांचे दोन प्रश्न आले. समुद्राचं पाणी गोव्याहून आणलं तर? चोर्ला घाटातून पाऊण टन पाणी आणणं शक्य आहे, पण किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात गोडसर होतं, गाळ आणि होड्यांचं तेल असतं. आरओचं पाणी आणि २६ किलो मीठ जास्त भरवशाचं. दुसरा प्रश्न जिवंत प्रवाळांचा. तो विषय आम्ही तिथंच थांबवला. २००१ साली केंद्र सरकारनं खडक घडवणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. टीव्हीवरच्या बऱ्याच टाक्यांतले रंगीत प्रवाळही रेझिनचे असतात. आम्ही सिरॅमिकचे खडक वापरतो.

आठवड्यातून दोनदा थोडं अमोनियम क्लोराइड टाकत राहिलो, नाहीतर जिवाणू उपाशी मरतात. अडतिसाव्या दिवशी चोवीस तासांत दोन्ही आकडे शून्य आले. उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर पाणी उडायचं. तेवढं आरओचं गोडं पाणी घरातली आजी न चुकता घालायची, कारण मीठ उडत नाही, पाणी उडतं, हे तिला एकदाच सांगावं लागलं.

७६ दिवस भरल्यावर एका रविवारी, पाहुणे नसताना, मंद उजेडात दोन क्लाउन सोडले. दोन आठवड्यांनी डॅमसेल. पावडर ब्लू सगळ्यात शेवटी सोडणार, कारण एकदा जागा धरली की मागून येणाऱ्याला तो टिकू देत नाही. तो अजून आमच्याकडेच आहे, काचेला क्लिपनं लावलेलं नोरीचं (वाळवलेल्या समुद्रशेवाळाचं) पान ओरबाडत.