हिरवा स्वेटर, निळं घमेलं

जावयांच्या गाडीचा क्लच केनियातल्या मिगोरीत गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. नाहीतर आम्ही काचा वर करून एसीत बसून थेट बॉर्डरवर गेलो असतो आणि मला काही दिसलंच नसतं.

माझे जावई किसुमूजवळ एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. आपल्या सांगली-कोल्हापूरकडची बरीच मुलं साखरेमुळे तिकडे पोचलीयेत, केनिया, युगांडा, टांझानिया सगळीकडे. लेकीकडे दीड महिना राहायला गेले होते, डिसेंबरात तिनं सेरेंगेटीचा बेत काढला. किसुमू, किसी, मिगोरी, मग इसेबानियाला बॉर्डर, पलीकडे सिरारी, तिथं टांझानियाची सफारी गाडी येऊन थांबणार असं ठरलं होतं. क्लच गेल्यावर गाडी मेकॅनिककडे टाकली आणि स्टँडवरून प्रोबॉक्स धरली. प्रोबॉक्स म्हणजे टोयोटाची छोटी स्टेशन वॅगन, आपल्याकडे वडाप जे काम करतं ते तिकडे ही करते, डिकीतसुद्धा माणसं बसवतात आणि कोणी कुरकुर करत नाही.

माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात. नातीच्या अंगात हिरवा शाळेचा स्वेटर, कोपरावर वेगळ्या हिरव्या लोकरीनं रफू केलेला, मांडीवर निळं प्लास्टिकचं घमेलं, त्यात घडी न मोडलेला नवा लेसो (तिकडच्या बायका गुंडाळतात तो छापील कपडा) आणि नव्या कोऱ्या स्लिपर, दोरीनं एकमेकींना बांधलेल्या. आजीनं मला कागदाच्या पुडीतले भाजलेले शेंगदाणे दिले, मी नातीला राजगिऱ्याची वडी दिली. ती ग्रेड सिक्समध्ये होती, म्हणजे बारा वर्षांची वगैरे. वडी तिनं अर्धी खाल्ली आणि अर्धी घमेल्यात कोपऱ्यात नीट ठेवली. लेकीनं स्वाहिलीत विचारलं कुठं चाललात, आजी म्हणाली हारुसी, म्हणजे लग्न. मी म्हटलं वा, लग्नाला चाललीये म्हणून नवे कपडे. आजीचा हात पूर्ण रस्ताभर नातीच्या पाठीवर होता, मायेनं, हे मी मुद्दाम लिहितेय.

बॉर्डरचं गेट साधारण एक किलोमीटर राहिलं असेल तिथं आजीनं गाडी थांबवली. बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल उभीच होती. दोघी बसल्या, मक्याच्या शेतातून लाल मातीची वाट जाते तिकडे वळल्या. पोरीनं घमेलं एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मला टाटा केला. मीही केला.

बॉर्डरची इमारत छान आहे, वन स्टॉप, दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली, एका खिडकीत केनियाचा बाहेर जायचा शिक्का आणि पुढच्या खिडकीत टांझानियाचा आत यायचा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक टूरिस्ट व्हिसा चालतो पण टांझानिया त्यात नाही, त्यामुळे वेगळे 50 डॉलर. लेकीनं फॉर्म भरताना माझं मधलं नाव सोडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत जवळजवळ तीन तास गेले. त्या तीन तासांत मी आरोग्याच्या टेबलापाशी बसून होते कारण पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड दाखवायला तिथंच गेले होते आणि तिथल्या सिस्टरनं व्यवसाय विचारला. 28 वर्षं लेबर रूममध्ये काढलेली नर्स आहे म्हटल्यावर तिनं स्वतःची खुर्ची मला दिली आणि दुधाचा चहा मागवला. आदरातिथ्य म्हणतात ते हे, कामाच्या टेबलावर, घाईत, आणि तरी अगदी मनापासून.

ती मूळची जवळच्या दवाखान्यातली, बॉर्डरवर पाळीनं ड्युटी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक बाई आली, आठवा महिना असावा, पोट खाली उतरलेलं. तिनं पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत दोन कार्डं, रबरबँड लावलेली. एक केनियाची पुस्तिका इंग्रजीत, एक टांझानियाचं कार्ड स्वाहिलीत. नवरा केनियातला, माहेर टांझानियातलं, तपासण्या अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. तिकडे हे नवीन नाही, केनियात 2013 ला सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी मोफत केली तेव्हापासून पलीकडच्या बायका इकडे येतात, आणि माहेर पलीकडे असलं की बाळंतपणाला तिकडे जातात, आपल्यासारखंच. सिस्टरनं पेन काढलं आणि एका कार्डावरचं दुसऱ्यावर हातानं उतरवायला लागली. मी म्हटलं मी वाचते, तू लिही. बीपी, वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं. आकडे जगात कुठंही सारखेच असतात. आणि मग पुस्तिकेत मागच्या पानावर आलं की पहिलं बाळ सिझरनं झालंय. टांझानियाच्या कार्डावर हे नव्हतंच. आम्ही दोघींनी एकदम मान वर केली. ही बाई रात्री कळा सुरू होऊन माहेरच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात गेली असती तर तिथल्या नर्सला कळलंच नसतं की गर्भपिशवीवर जुना व्रण आहे, तो फाटू शकतो. सिस्टरनं ते लाल पेननं लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि बाईला स्वाहिलीत बजावलं की छोट्या दवाखान्यात थांबायचं नाही, टांझानियातल्या तारीमे गावच्या हॉस्पिटललाच जायचं.

प्रादेशिक सहकार्य वगैरे शब्द आपण बातम्यांत ऐकतो, मोठ्या टेबलाभोवती कोट घातलेली माणसं. मला आता तो शब्द ऐकला की तो लाल पेन आठवतो.

चहा पिता पिता मी सहज म्हटलं, प्रोबॉक्समध्ये एक गोड मुलगी भेटली, लग्नाला चालली होती, नवे कपडे घमेल्यात घेऊन. सिस्टरनं कप खाली ठेवला. कुठं उतरल्या? गेटच्या आधी की नंतर? घमेल्यात काय होतं? चपला नव्या होत्या का? स्वेटर कुठला? बोडावाल्यानं हेल्मेट घातलं होतं का, कसलं? मला वाटलं चोरीबिरीचं प्रकरण आहे. तिनं फोन काढला आणि एका ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. मग दुसरीकडे फोन लावला, मग तिसरीकडे. मग मला सांगितलं.

बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना कुरिया लोक राहतात. एकच भाषा, एकच कुळं, मामा इकडे आणि आत्या तिकडे. रेघ मारली ती साहेबांनी. त्यांच्यात मुलींची सुंता करायची, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरचा भाग कापायची प्रथा आहे, आणि ज्या वर्षी वडीलधाऱ्यांची सभा ठरवते त्या वर्षी डिसेंबरच्या शाळेच्या सुटीत सीझन असतो. सीझन हाच शब्द ती वापरत होती, आपण गळीत हंगाम म्हणतो तसा. सुंता झाल्यावर मुलीला नवा लेसो गुंडाळतात, नव्या चपला घालतात, नाचत-गात मिरवत घरी आणतात, लोक पैसे देतात. म्हणून तिनं चपलांचं विचारलं.

केनियात 2011 पासून याला कडक कायदा आहे, कमीत कमी तीन वर्षं कैद किंवा दोन लाख शिलिंग दंड, आणि मुलीला देशाबाहेर नेऊन करणं हाही गुन्हाच. टांझानियात 1998 चा कायदा आहे पण तो फक्त अठराच्या आतल्या मुलींसाठी. युगांडात 2010 चा. एकीकडे पोलिसांनी जोर लावला की लोक मुलीला घेऊन पलीकडे जातात, तिकडे जोर झाला की इकडे येतात. गेटवर यायची गरजच नसते, मक्यातून वाटा आहेत, त्यांना पान्या म्हणतात. पान्या म्हणजे उंदीर.

सिस्टर म्हणाली, आधी आम्हाला फोन करायलासुद्धा माणूस नव्हता. इकडच्या चीफला (म्हणजे सरकारनं नेमलेला गावप्रमुख) तिकडच्या शाळेतल्या बाईंचं नाव माहिती नाही, तिकडच्या पोलीस ठाण्यातल्या महिला-बालक डेस्कला इकडच्या दवाखान्याचा नंबर माहिती नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये मोंबासाला केनिया, युगांडा, टांझानिया, इथिओपिया आणि सोमालिया असे पाच देश बसले आणि सीमेपलीकडे नेऊन होणारी सुंता थांबवायला एकत्र काम करायचं ठरवलं. त्याच्या मागे आफ्रिकन युनियनचा 2003 चा मापुतो करार आहे, स्त्रियांच्या हक्कांचा, त्यात ही प्रथा बंद करायची म्हणून स्पष्ट लिहिलंय आणि बाईच्या प्रजनन आरोग्याचं वेगळं कलमच आहे. कागदावर चांगलंच आहे. पण मला तिचा फोन बघून कळलं की कराराला हातपाय कुठून येतात, त्या ग्रुपवर बोडावाले होते, दोन पाद्री होते, एक हेडमास्तर, नर्सेस, पोलीस.

मी तिला विचारलं, बाळंतपणात काय बघतेस. नर्सनं नर्सला विचारायचा प्रश्न. ती म्हणाली व्रणाची कातडी ताणत नाही, बाळाचं डोकं येऊन थांबतं, मग फाटतं आणि मग रक्त. जागतिक आरोग्य संघटनेनं सहा आफ्रिकन देशांतल्या 28 हॉस्पिटलांत मिळून 28 हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला होता, 2006 ला छापून आला, त्यातही हेच निघालं, सुंता जितकी जास्त खोल तितकं सिझर जास्त, रक्तस्राव जास्त, बाळं दगावणं जास्त. हे एकट्या देशाला दाखवता आलं नसतं. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, माझंही झालेलं आहे, मी पहिल्या मुलाला दोन दिवस अडले होते. एवढंच. मी तिचा हात धरला, दुसरं काय करणार.

येताना आम्ही किसीवरून आलो होतो, केळीचे घड बघत, साबणदगडाच्या मूर्ती घेत. त्या किसी भागात हे सुंतेचं काम बऱ्याच ठिकाणी आता नर्सच करतात, हातमोजे घालून, भुलीचं इंजेक्शन देऊन, म्हणजे म्हणे सुरक्षित. हे ऐकून मला जो संताप आला तो अजून गेला नाहीये. ज्या हातानं नाळ कापायची त्याच हातानं हे?

आणि मला सांगलीकडचं म्हैसाळ आठवलं. मी त्या पट्ट्यातलीच. 2017 च्या मार्चमध्ये म्हैसाळला 19 मुलींचे गर्भ सापडले होते, ओढ्याकाठी पुरलेले. महाराष्ट्रात गर्भलिंग तपासणीला धाक वाढला की पेशंट कागवाडला जायचे, कर्नाटकात, तासाभराचा पण रस्ता नाही, आणि तिकडचे पेशंट इकडे यायचे. आमच्या दवाखान्यात बाई तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून जायची आणि पाचव्यात यायचीच नाही, विचारलं तर पडलं म्हणायची. मी रजिस्टरमध्ये लिहायचे, गर्भपात. कधी कागवाडच्या कुठल्या नर्सला फोन केला का? नाही केला. माझ्याकडे नंबरच नव्हता आणि तो मिळवावा असं कधी सुचलंही नाही. म्हणून त्या सिस्टरचा फोन माझ्या इतका जिव्हारी लागला. जे करणारे आहेत ते बॉर्डर कधीच ओलांडून गेलेले असतात, आपणच आपापल्या रजिस्टरपाशी बसून राहतो.

माझं मधलं नाव दुरुस्त झालं, शिक्का बसला. जाताना सिस्टर म्हणाली, स्वाहिलीत बॉर्डरला एमपाका म्हणतात, आणि एमपाका म्हणजे 'पर्यंत' पण. इथपर्यंत, तिथपर्यंत.

सेरेंगेटीत दोन दिवस होतो, सिंह दिसले, खर्च लेकीनं मला सांगितलेला नाही.

परत येताना सिरारीला गाडीतून उतरून आधी आरोग्याच्या टेबलाकडे गेले. सिस्टरची ड्युटी नव्हती, दुसरा एक तरुण मुलगा होता. त्याला सांगितलं, त्यानं फोन लावून दिला. सिस्टर म्हणाली बोडावाला सापडला, त्यानं दोघींना जिथं सोडलं ते घरही सापडलं, पण ते पोचले तेव्हा तिथं कोणी नव्हतं. त्याच रात्री तारीमेकडच्या निवाऱ्यात नऊ मुली आणल्या, सीझनमध्ये तिथं शेकडो मुली राहतात, काही तर एकट्या रात्रीच्या चालत येतात. नवांपैकी चौघी केनियातल्या. मी विचारलं हिरवा स्वेटर? ती म्हणाली, चौघींचाही हिरवाच आहे, त्या भागातल्या शाळेचा गणवेशच तो आहे. मी म्हटलं कोपरावर रफू, वेगळ्या लोकरीचं. ती म्हणाली, बघून सांगते.

इसेबानियाहून मिगोरीला पुन्हा प्रोबॉक्सच धरली. लेक म्हणाली आई इकडच्या खिडकीत ऊन येतंय, तिकडे सर. मी सरकले नाही. मक्याची ती वाट त्याच बाजूला येणार होती.