दोन सप्तमांशांवरून पेटलेला वाद

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना गृहपाठावरून होणाऱ्या भांडणांविषयी मी नेहमीच ऐकते. परंतु सहावीतल्या एका मुलाची आई ‘रोज संध्याकाळी घरात नुसते रण माजते’ असे सांगताना रडू लागली, तेव्हा मी त्या दोघांना गृहपाठाची वही घेऊनच बोलावले आणि काही न बोलता बाजूला बसले.

मुलाने १/३ + १/४ हे उदाहरण उतरवून घेतले आणि उत्तर लिहिले २/७. सातचा आकडा पुरता उमटण्याआधीच आईचे बोट वहीवर टेकले. ‘छेदांची बेरीज करायची नसते, किती वेळा सांगू?’ असे म्हणत तिने खोडरबर पुढे सरकवला. मुलाने उत्तर खोडले, पेन्सिल ठेवली आणि तोंड फिरवले. आईच्या मते हा हट्ट होता. मला तसे वाटले नाही; उत्तर का चुकले हे उमगण्याआधीच ते पुसावे लागले, तर मुलाच्या हाती अडून बसण्यापलीकडे उरते काय?

मी त्याला एवढेच विचारले, ‘२/७ हे १/३ पेक्षा मोठे की लहान?’ त्याने सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीचे तीन आणि दुसरीचे सात भाग केले, बराच वेळ त्या न्याहाळल्या आणि म्हणाला, ‘लहान. पण मिळवल्यावर कमी कसं होईल?’ आई बोलणार तोच मी तिला खुणेने थांबवले. काही वेळाने ‘लसावि काढायला हवा’ असे पुटपुटत त्याने दोन्ही छेद १२ केले आणि ७/१२ लिहिले. रीत त्याला येत होती. तिथवर पोहोचायला लागणारा वेळ त्याला कधी मिळतच नव्हता.

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून ठरवले, की कोणता विषय आधी घ्यायचा हे तो ठरवेल, आई त्याच खोलीत आपले काम करील आणि त्याने विचारल्यावरच ‘कुठे अडले?’ असे विचारून जवळ जाईल. गृहपाठाचे अभ्यासक हॅरिस कूपर यांनी इयत्तेमागे रोज साधारण १० मिनिटे हे प्रमाण योग्य मानले आहे, म्हणजे सहावीसाठी तासभर. या घरात मात्र झोपेची वेळ टळून जाईपर्यंत वही मिटत नसे. म्हणून तासाभराने थांबायचे आणि जिथे अडले तिथे खूण करायची, असेही ठरले.

‘आणि अपुरा राहिला तर?’ आईने काळजीने विचारले. तसाच शाळेत पाठवा, असे मी सांगितले, कारण मूल नेमके कुठे अडते हे शिक्षकांना त्या अपुऱ्या पानावरूनच कळते. वर्गशिक्षिकांशी मी त्याच दुपारी बोलले. खूण केलेल्या अपुऱ्या गृहपाठाबद्दल त्याला शिक्षा होणार नाही, हे त्यांनी मान्य केले.