पाचव्या स्थानातला माणूस

गावातल्या छोट्या चॅपेलसाठी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून दफनापर्यंतच्या प्रसंगांची, 14 चित्रं करायला घेतलीत. एकेका प्रसंगाला 'स्थान' म्हणतात. आज पाचवं. कुरेनेकर शिमोन, शेतावरून येताना ज्याला धरून क्रूस वाहायला लावला तो.

चेहरा जमेना. तीनदा पुसला. शेवटी वाडीतल्या काकांना बसवलं. जन्मभर केळीचे घड वाहिलेला माणूस. खांद्यावर फळी दिली तर म्हणाले, "असं नाय धरत कोन. मान वाकव आधी." सकाळचं सगळं रेखाटन फुकट गेलं, पण खांदा बसला एकदाचा.

नोकरी सोडून दोन वर्षं झाली. 'देव बघेल' म्हणणं सोपं, हातात वीजबिल असताना जरा कमी सोपं. प्रार्थना करतो आणि ॲक्रिलिकच्या ट्यूबा शेवटपर्यंत पिळतो.

अशा दिवशी आंजेलो द फोन्सेका आठवतात. मूळ गोव्याचे, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढायचे. येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली म्हणून बोलणीही खाल्ली. मी सहाव्या स्थानातल्या, येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकेला आमच्या कुपारी (वसईकडचा ख्रिस्ती समाज) आजीचं लाल लुगडं नेसवणार आहे. (फादरांना अजून सांगितलेलं नाही.)

काका निघताना विचारत होते, "त्या शिमोनाला मजुरी मिळालेली का रे?"