शेकरूची उचकी

लाइव्हस्ट्रीमवर स्वतःचा चेहरा दाखवायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. दिवसा ज्या कार्यालयात मी नोकरी करते, तेथील कोणी रात्री मला गेममधल्या राक्षसांशी झुंजताना पाहावे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. म्हणून चित्रकार असलेल्या मामेबहिणीकडून मी एक शेकरू काढून घेतले. तांबूस पाठ, फिकट पोट, कानांवर केसांचे झुपके आणि अंगाहून लांब शेपटी असे ते देखणे रूप तिने लाइव्ह टूडी या चित्र हलते करण्याच्या प्रोग्राममध्ये तुकड्यातुकड्यांनी जोडून हलते केले. व्हीट्यूब स्टुडिओ हा प्रोग्राम वेबकॅममधून माझ्या डोळ्यांचा, ओठांचा आणि मानेचा माग घेतो आणि त्यानुसार शेकरू पाहते, बोलते, मान वळवते. हे सारे ओबीएस या प्रोग्राममध्ये गेमच्या चित्रावर बसवून प्रेक्षकांपर्यंत पाठवायचे, एवढीच माझी योजना होती.

पहिल्या रात्री गेम सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच एका प्रेक्षकाने विचारले, "शेकरूला उचकी लागली आहे का?" नंतर रेकॉर्डिंग पाहिले तेव्हा त्याचे म्हणणे अगदी योग्य असल्याचे दिसले. मान एका बाजूला झुकायची, क्षणभर तेथेच अडकायची आणि मग झटक्यासरशी दुसऱ्या बाजूला जायची. पापण्या कधी मिटत, कधी मिटतच नसत. बोलणे संपून गेल्यावर तोंड उघडत होते.

पुढचे दोन आठवडे मी ज्या रीतीने उपाय शोधला, तिला रीत म्हणणे धाडसाचे ठरेल. गेमची सगळी सेटिंग्ज खाली आणली, स्ट्रीमचे रिझोल्यूशन कमी केले, ट्रॅकिंगमधले स्मूदिंग जवळजवळ शेवटपर्यंत वाढवले. स्मूदिंगमुळे झटके थोडे बोथट झाले हे खरे. परंतु स्मूदिंग म्हणजे मागच्या काही मापांची सरासरी काढत पुढे जाणे, त्यामुळे हालचाल मऊ होते तशी उशिराही होते, आणि पापणीची उघडझाप तर सेकंदाच्या एक-दोन दशांशांत आटोपत असल्याने ती त्या सरासरीत विरघळूनच जाते. माझे शेकरू आता उचकी देत नव्हते, पण पेंगत होते.

खरी वाट मामेबहिणीच्या एका वाक्याने सापडली. तिने रेकॉर्डिंग पाहिले आणि म्हणाली, "ताई, डोळ्यांकडे पाहू नकोस, शेपटीकडे पाहा." शेपटीची हालचाल कॅमेऱ्यातून थेट येत नाही. मान हलली की तिला हिसका बसतो, आणि त्यानंतरचे झुलणे लंबकासारखे गणित करून प्रोग्राम स्वतःच काढतो, तेही पडद्यावरील प्रत्येक फ्रेमसाठी. म्हणजे मान थांबल्यावर शेपटी संथ झुलत असेल आणि तरीही चेहरा अडखळत असेल, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा. शेपटीसुद्धा हवेत अडकून उडी मारत असेल, तर चित्र काढण्याचेच काम मागे पडते आहे. आणि व्हीट्यूब स्टुडिओच्या खिडकीत सारे सुरळीत असून केवळ रेकॉर्डिंगमध्ये झटके दिसत असतील, तर ओबीएसकडे पाहायचे. मी तीन निरनिराळ्या दुखण्यांवर एकच औषध देत होते.

गेम बंद ठेवून केवळ शेकरू चालू केले, तेव्हा शेपटी डौलाने झुलत होती आणि डोळे मात्र अडखळत होते. माझा वेबकॅम सेकंदाला 30 फ्रेम देणारा आहे, असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते आणि मी ते वेदवाक्य मानले होते. प्रत्यक्षात माझ्या खोलीत, मॉनिटरच्या उजेडावर आणि पाठीमागच्या एका मंद दिव्यावर, तो जेमतेम 12 ते 15 फ्रेम देत होता. कॅमेऱ्याचे एक्स्पोझर स्वयंचलित असेल तर अंधारात तो प्रत्येक फ्रेमसाठी अधिक वेळ उजेड गोळा करत बसतो, आणि एका फ्रेमला सेकंदाच्या तिसाव्या भागाहून जास्त वेळ लागला की 30 चा आकडा गाठणे शक्यच नसते. मी मॉनिटरच्या मागे, चेहऱ्यासमोर, एक साधा एलईडी दिवा लावला, त्यावर घरातला पांढरा ट्रेसिंग पेपर चिकटवला, एक्स्पोझर हाताने ठरवले आणि फ्लिकर टाळण्याचे सेटिंग 60 वरून 50 हर्ट्झवर आणले, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि छतावरची जुनी ट्यूबलाइट लावली की ती त्या लयीत लुकलुकून चेहऱ्यावर पट्टे उमटवत होती.

कॅमेऱ्याचे आणखी एक प्रकरण यूएसबीचे निघाले. मी उगाचच 1280 बाय 720 चे चित्र, तेही कॉम्प्रेशन नसलेल्या वायूवाय2 प्रकारात, मागत होते. अशा प्रत्येक पिक्सेलला 2 बाइट लागतात, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेमसाठी सुमारे 55 मेगाबाइट. यूएसबी 2.0 ची कागदावरची कमाल मर्यादाच 60 मेगाबाइट आहे आणि प्रत्यक्षात तेवढे कधीच मिळत नाही. त्यात माझा कॅमेरा, माइक आणि कीबोर्ड एकाच स्वस्त हबवर लटकलेले. चेहऱ्याचा माग घेण्यासाठी 640 बाय 480 पुरेसे असते, हे कळल्यावर मी तेवढेच ठेवले आणि कॅमेरा थेट लॅपटॉपमध्ये खोचला. त्या रात्री शेकरूने पहिल्यांदा माझ्याबरोबर पापणी मिटली. चष्म्याच्या काचेत मॉनिटर चमकून डावा डोळा अधूनमधून अर्धा मिटलेला राही, तो मॉनिटर किंचित खाली झुकवल्यावर आणि चष्म्यासकट पुन्हा कॅलिब्रेशन केल्यावर सुधारला.

मग गेम सुरू केला आणि शेपटी हवेत गोठली.

माझ्या लॅपटॉपमध्ये 4 जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आहे. गेमला फ्रेमची मर्यादा घातलेली नसेल तर तो कार्डाचा शेवटचा थेंबही पिऊन टाकतो. टास्क मॅनेजरमध्ये आकडा 98-99 टक्क्यांवर चिकटलेला होता. पण शेकरूचे चित्र काढणे आणि ओबीएसने सर्व थर एकत्र करणे, ही दोन्ही कामेही त्याच कार्डाला करायची असतात. गेमची पंगत उठेपर्यंत ती ताटकळत राहतात. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणून मी एकाच गोष्टीचे नाव घेईन, आणि ती म्हणजे गेमला 60 फ्रेमची मर्यादा घालणे. स्ट्रीम 60 फ्रेमचीच असताना 90 फ्रेम काढण्याचा प्रेक्षकांना काडीचाही उपयोग नव्हता. मला स्वतःला हाताला थोडा फरक जाणवला, तो मी सोसला. कार्डाचा भार 80-85 टक्क्यांवर आला आणि उरलेल्या जागेत शेकरू श्वास घेऊ लागले.

मेमरीचा प्रश्न त्याने सुटला नाही. नव्या प्रदेशात शिरताना, म्हणजे गेम नवे टेक्स्चर, वस्तूंवर चढवायची चित्रे, मेमरीत भरून घेताना, झटका बसतच होता. बहिणीने हौसेने शेकरूची टेक्स्चर 8192 बाय 8192 च्या दोन पत्र्यांवर बसवली होती. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर असा एक पत्रा 256 मेगाबाइट खातो, दोन मिळून अर्धा जीबी, आणि हे सारे पडद्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या दिसणाऱ्या प्राण्यासाठी. तिने थोडे नाक मुरडून 4096 च्या पत्र्यांवर मॉडेल पुन्हा काढून दिले, तेव्हा तोच खर्च 128 मेगाबाइटवर आला. कानाच्या झुपक्यांतील केस पूर्वीसारखे सुटे दिसत नाहीत अशी तिची तक्रार अजून आहे. मला फरक सापडलेला नाही. गेममधले टेक्स्चरही मी एक पायरी खाली उतरवले. आधी आंधळेपणाने उतरवलेल्या सावल्या, दूरवरचे किती दिसावे ते अंतर वगैरे बाकीच्या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी पुन्हा वर नेता आल्या.

उरले ओबीएस. त्यातील स्टॅट्सची खिडकी मी इतके दिवस उघडलीच नव्हती, याची आज लाज वाटते. थर एकत्र करताना हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ पाठवण्याजोगा आकसवताना, वगळलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम, असे तीन आकडे ती वेगवेगळे दाखवते. माझा इंटरनेटवरचा संशय, ज्यापायी मी सेवा देणाऱ्यांना दोनदा फोन केला होता, निराधार ठरला, कारण तिसरा आकडा शून्य होता. दुसरा वाढत होता, कारण मी एक्स264 वापरत होते; तो एन्कोडर प्रोसेसरवर चालतो आणि त्याच प्रोसेसरवर गेम व वेबकॅममधून चेहरा शोधण्याचे कामही चाललेले असते. त्याऐवजी एनव्हीएन्क हा एन्कोडर निवडल्यावर एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डातील त्यासाठीच राखलेल्या भागाकडे गेले आणि तो आकडाही थांबला. पहिल्यासाठी ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले, जेणेकरून विंडोज त्याला ग्राफिक्स कार्डावर अग्रक्रम देते. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असल्याने, विंडोजच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ओबीएस आणि व्हीट्यूब स्टुडिओ दोन्ही मोठ्या कार्डावर चालतील असेही नेमून दिले. ती दोन वेगळ्या कार्डांवर असताना गेम कॅप्चरमध्ये शेकरूच्या जागी काहीच दिसत नव्हते, आणि तोवर मी खिडकी कॅप्चर करून हिरवी पार्श्वभूमी पुसण्याचा द्राविडी प्राणायाम करत होते.

शेवटी ओठ आणि आवाज यांचा मेळ. यासाठी मी रेकॉर्डिंग लावून "बाबा, पापा, मामा" असे सावकाश म्हटले, कारण या अक्षरांना ओठ पूर्ण मिटावेच लागतात, आणि मग चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकवत मोजले. सुरुवातीला ओठ आवाजाच्या 9 फ्रेम मागे होते, म्हणजे 60 च्या हिशेबाने 150 मिलिसेकंद. स्मूदिंग खाली आणल्यावर, जे आता झटकेच नसल्याने शक्य होते, अंतर 5 फ्रेमवर आले. उरलेल्या 80 मिलिसेकंदांसाठी मी ओबीएसमध्ये माइकलाच तेवढा उशीर घातला. घरातील मंडळी शेजारच्या खोलीतून "बाबा, पापा" ऐकून काय समजली असतील, ते मी विचारले नाही.

त्यानंतर महिनाभर उचकी लागली नाही. मागच्या शुक्रवारी मात्र स्ट्रीम ऐन रंगात असताना वीज गेली. लॅपटॉप आणि राउटर इन्व्हर्टरवर असल्याने खेळ अखंड चालू राहिला, शेपटीही संथ झुलत होती, परंतु डोळे हळूहळू जड झाले आणि चेहरा अडखळू लागला. शेपटी ठीक आणि डोळे मंद, म्हणजे कॅमेरा. कॅमेरा, म्हणजे उजेड. मॉनिटरमागचा दिवा साध्या बोर्डावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डापर्यंत ओढून घेतली.